सीटच्या कडेची चिठ्ठी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका गाडीच्या मागच्या सीटखाली आडवा पडून कव्हरचे हूक ओढत होतो. "दगडूभाई, गाड्या सजवणाऱ्या लोकांच्या गमती लिहा. दिवाळी अंकात चार पानं हसायला हवीत," असं ते म्हणाले. गमती पुष्कळ आहेत. चाळीस वर्षं मी सीटकव्हरं शिवतोय आणि नव्या गाडीच्या आनंदात माणूस काय काय मागतो, ते माझ्याइतकं त्याच्या बायकोलाही माहीत नसतं. पण लिहायला बसलो तर दर वेळी एकच गोष्ट हाताखाली यायला लागली, आणि ती हसण्यासारखी नाही. ती माझ्या चुकीची आहे. म्हणून थोड्या गमती सांगतो आणि मग तिच्याकडे येतो.

मी मूळचा कन्नड गावाकडचा. घरी मेंढरं होती. आई घोंगडीच्या दोन पट्ट्या अशा जोडायची की जोड कुठं आहे ते सापडायचं नाही. सुई मी तिच्याकडून शिकलो, मशीन शहरात येऊन उस्मानपुऱ्यात रशीद उस्तादांकडून. त्यांच्या गल्लीत प्रत्येक जण भाई होता, तसा मीही दगडूभाई झालो आणि पुढं तेच नाव दुकानाच्या पाटीवर आलं. उस्तादांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती. "टाँका दिखना नै, और मरते दम तक खुलना नै. समझा क्या?" मी समजलो. जरा जास्तच समजलो, असं आता वाटतं.

आमचं काम बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. गाडी आली की सीटवर खाकी कागद पसरायचा, खडूनं कडा उमटवायच्या आणि एकेका भागाचा फर्मा कापायचा, म्हणजे शिंपी जसा कागदी नमुना करतो तसा. बसायच्या जागेचा वेगळा, पाठीचा वेगळा, दोन्ही कुशींचे वेगळे. त्यावरून रेक्झिन बेतायचं, आत पातळ फोम लावायचा, दुहेरी टीप मारायची आणि सगळं सीटवर असं ओढून बसवायचं की एक सुरकुती राहता कामा नये. काम झालं की फर्म्यांची जुडी मी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवतो आणि वरच्या कागदावर मालकाचं नाव, गाव आणि फोन लिहून ठेवतो. दोन-चार वर्षांनी मालकाला नवा रंग हवासा वाटतोच, तेव्हा पुन्हा मापं घ्यायला नकोत.

आता मालकांविषयी. एका नवरदेवानं शेरवानीचं उरलेलं कापड आणून दिलं होतं, सीट त्याच कापडाची हवी म्हणून. लग्नाच्या दिवशी तो गाडीत बसला तर फोटोत नुसतं डोकं आणि हात दिसत होते, बाकी नवरदेव सीटमध्ये विरघळला होता. एका ठेकेदारानं इतकी रुंद चाकं बसवून घेतली होती की वळणावर ती पत्र्याला घासून चर्रर्र आवाज यायचा. मी म्हटलं, साहेब, चाकं बदला. त्यानं शेजारच्या दुकानातून गाण्याचे मोठे डबे बसवून घेतले. आवाज गेला म्हणे.

हसू येतं, मलाही यायचं. पण याच गिऱ्हाइकांच्या नादानं आम्ही काय काय करत होतो तेही सांगायला पाहिजे. बेल्ट लावला नाही की गाडी टुंटुं करते, तर ते थांबवायला खाचेत नुसती खुपसायची क्लिप माझ्या काउंटरवर टांगलेली असायची. मागचे बेल्ट बसताना टोचतात म्हणून ते कव्हरच्या खाली कायमचे दाबून टाकायचे. मी शेकडो गाड्यांचे बेल्ट असे गाडलेत. सीट गुळगुळीत दिसली पाहिजे, वर काही आलं नाही पाहिजे, हा आमचा धर्म.

आणि याच धर्मात ती चिठ्ठी बसत नव्हती. नव्या गाड्यांच्या पुढच्या सीटला, दाराकडच्या कडेला, बोटाच्या पेराएवढी कापडी चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर इंग्रजीत एअरबॅग लिहिलेलं असतं. म्हणजे सीटच्या कुशीत एक फुगा घडी करून ठेवलाय. बाजूनं धडक बसली की तो पापणी लवायच्या आत कापड फाडून बाहेर येतो आणि माणसाच्या बरगड्या आणि दार यांच्या मधे उभा राहतो. हे मला ठाऊक होतं. चिठ्ठी वाचता येत होती. पण माझ्या दुहेरी टिपेच्या सरळ रेषेत ती चिठ्ठी जिभेसारखी बाहेर यायची आणि मला ती बघवायची नाही. मी ती आत दुमडायचो, वरून टीप मारायचो आणि दोन पावलं मागं सरून बघायचो. इतका जोराचा फुगा आहे, एवढंसं रेक्झिन त्याला काय अडवणार, असं मी धरून चाललो होतो. कुणाला विचारलं नाही.

कन्नडचे खैरे सर माझं जुनं गिऱ्हाईक. हायस्कुलात गणित शिकवतात. त्यांच्या नव्या गाडीला मी राखाडी कव्हर शिवलं होतं, साधं आणि नेटकं, सरांसारखंच. एका सकाळी शाळेला जाताना चौकात आडव्या आलेल्या पिकअपनं त्यांच्या दारावर धडक दिली. सरांच्या उजव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडल्या आणि फुप्फुसाला मार लागला. मी भेटायला गेलो तेव्हा ते घरी आले होते, उशांच्या आधारानं बसले होते, आणि एकेक वाक्य तोडून तोडून बोलत होते.

"दगडूभाई, गाडी गेली. पण तुमचं काम बघा. दार आत आलं, काच फुटली, आणि कव्हरची एक टीप उसवली नाही. एक टाका नाही." त्यांना बोलताना दुखत होतं, तरी त्यांनी ते पूर्ण सांगितलं. मग म्हणाले, "गाडी भंगारात जाईल. कव्हरं तेवढी काढून ठेवा, पुढच्या गाडीला बघू."

मी हरखलो. खोटं कशाला बोलू? त्या खोलीतून मी छाती फुगवून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी कव्हरं काढायला मी गॅरेजच्या आवारात गेलो. तिथं विम्याच्या सर्व्हेअर वैशालीताई सरांच्या गाडीचे फोटो घेत होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी ड्रायव्हरच्या सीटची कड दोनदा दाबून बघितली आणि विचारलं, "हे कुणी शिवलंय?"

"मी," मी म्हटलं.

"काका, टाका तुटलाच नाही."

"तुटणारच नाही ताई. चाळीस वर्षांचा हात आहे."

त्यांनी सीटच्या कडेवर बोट ठेवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "इथली चिठ्ठी कुठं गेली?"

गाडीच्या कंपनीच्या माणसासमोर त्यांनी माझ्याकडून ती शिवण कापून घेतली. फुगा आत होता. त्या दिवशी तो उडाला होता. समोरून वाट मिळाली नाही म्हणून मागच्या बाजूला फोम फाडून, चुरगळून, पांढऱ्या भुकटीत लडबडून तिथंच कोंडला होता. बाहेरून माझ्या कव्हराला थोडा फुगवटा तेवढा आला होता. काल तो मी बघितलाही नसता.

"तो उघडला असता तर सरांच्या बरगड्या वाचल्या असत्या का?" मी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही, काका. कुणालाच येणार नाही. त्याला बाहेर यायला वाट नव्हती, एवढंच इथं दिसतंय."

त्या बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी कव्हरं तिथंच टाकली आणि दुकानात येऊन बसलो. मशीनवर रेक्झिन तसंच अर्धवट होतं. सुईला हात लावला नाही.

तीन दिवसांनी उस्तादांकडं गेलो. त्यांची नजर आता गेली आहे, बोटं शाबूत आहेत. मी त्यांच्या हातात सरांच्या सीटवरून सुटून आलेली ती दुमडलेली चिठ्ठी दिली आणि सगळं सांगितलं. त्यांनी चिठ्ठी अंगठ्यानं चाचपली. "हमारे टैम में सीट में काथ्या रहता था मियाँ, बारूद नै था. मैं तेरे को पक्का सीना सिखाया. अब तू खुला छोड़ना सीख." मग म्हणाले, "और जो सी दिया, वो कौन खोलेगा? मैं?"

घरी न जाता मी दुकानात गेलो आणि भिंतीवरच्या सगळ्या जुड्या खाली उतरवल्या. ज्या गाड्यांच्या सीटमध्ये फुगा होता त्या वेगळ्या काढल्या. सरांची धरून चौदा निघाल्या. नाव, गाव, फोन, सगळं माझ्याच अक्षरात होतं, त्यामुळं सापडत नाही म्हणायची सोय नव्हती.

मी फोन लावायला सुरुवात केली. "तुमच्या सीटच्या कडेची शिवण मी चुकीची मारली आहे, गाडी घेऊन या, मी उघडून देतो." लोकांना हे कळायचंच नाही. एकाला वाटलं मी कोणीतरी भामटा आहे, मी ओटीपी मागायच्या आधीच त्यानं फोन ठेवला. एक जण म्हणाला, उघडताच आहात तर रंगही बदलून द्या. एकानं गाडी सिल्लोडला विकली होती. नवा मालक शोधून काढला, तर तो म्हणाला, मला गाडी घेताना हीच कव्हरं आवडली होती हो. मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. फुगा चुकून उडू नये म्हणून आधी बॅटरीची वायर सोडवायची, थोडा वेळ थांबायचं, मग ब्लेडनं वरचं रेक्झिन तेवढं कापायचं आणि कंपनीच्या कापडाला पातं लागू द्यायचं नाही. कड उघडी ठेवून बाजूनं पट्टी मारायची. गाडलेले बेल्टही वर काढायचे. प्रत्येक जुडीवर मी "उघडली" असं लिहीत गेलो. दुकानात पाटी लावली की सीटला चिठ्ठी असेल तर ती बाजू झाकून मिळणार नाही. क्लिपांचा गठ्ठा मी स्वतः कात्रीनं कापला. फुगा आला की तुटणारी कच्च्या धाग्याची खास शिवण असते म्हणतात, ती ज्यांनी तपासून घेतलीय त्यांनी मारावी. धागा किती कच्चा हवा हे माझ्या अंदाजावर सोडायला मी तयार नाही. गिऱ्हाईक पाटी वाचून शेजारी जातं, जाऊ दे.

बारा उघडल्या. मग मी सरांकडं गेलो. त्यांना सांगायचं मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, कारण मी भित्रा आहे.

सर आता हिंडूफिरू लागले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांचा हात आपोआप उजव्या बरगडीवर गेला.

"मी तुमचं कौतुक केलं, तेव्हा हे माहीत होतं?"

"नाही सर. दुसऱ्या दिवशी कळलं."

"आणि त्याला आता दोन महिने झाले."

"हो."

सरांनी बायकोनं आणलेला चहा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मी अजून उजव्या कुशीवर झोपू शकत नाही. त्यामुळं झालं गेलं विसरा, असं माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. आणि चूक कबूल केली म्हणून मी वर्गातही कुणाला मार्क देत नाही. दुरुस्ती करून आणली की वहीवर सही करतो." मग माझ्याकडं वळले. "सगळ्या उघडल्या?"

"एक राहिलीय."

"मग इथं काय करताय? आधी ती उघडा."

ती राहिली होती याचं कारण मालक नाही म्हणाला, एवढंच नव्हतं. ते माझ्या हातचं सगळ्यात सुंदर काम होतं. गंगापूरच्या अण्णांची पांढरी मोठी गाडी. लाल आणि काळं रेक्झिन, त्यावर शंकरपाळ्याच्या नक्षीची टीप, एकही रेघ तिरकी नाही. तिचा फोटो माझ्या दुकानात काचेत लावलेला होता. अण्णांनी गाडीला पुढून लोखंडी गार्ड लावलंय, छतावर दिव्यांची रांग आहे, आणि पंचक्रोशीतल्या नवरदेवांना वरातीला तीच गाडी लागते. फोनवर ते दोनदा नाही म्हणाले होते आणि खरं सांगायचं तर दोन्ही वेळा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

सरांच्या घरून निघालो तो दुसऱ्या सकाळी एसटीनं गंगापूरला. पिशवीत ब्लेड, पाना, पट्टीचं रेक्झिन आणि अण्णांच्या फर्म्यांची जुडी. अण्णा ओट्यावर पेपर वाचत बसले होते.

"दगडूभाई! कामून आलात एवढ्या लांब? मी सांगितलं की फोनवर, नाय म्हणून."

"अण्णा, कड उघडल्याशिवाय मी जात नाय."

"उघडं म्हंजे? कंपनीचं काळं कापड दिसनार का?"

"व्हय. आन चिठ्ठीबी."

"लई झकास! वरातीच्या गाडीला ठिगळ. लोकं हसतील मला."

मी गाडीच्या सावलीत बसलो. अण्णांनी पेपर वाचून संपवला, आत गेले, जेवले, बाहेर आले, मी तिथंच. मला जेवायला बोलावलं, मी नको म्हटलं. "अशी कशी वं जिद्द?" असं पुटपुटत ते परत ओट्यावर बसले. मी त्यांना सरांचं सगळं सांगितलं, पिकअप, बरगड्या, आत कोंडलेला फुगा. "माझ्या गाडीला कोन धडकनार? लोकं लांबूनच बाजू देतात," अण्णा म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता.

त्यांची सून मनीषा तेव्हा दारात उभी राहून ऐकत होती. ती वाळूजला एका कंपनीत हिशेबाचं काम बघते. त्या दिवशी सुट्टी होती. ती म्हणाली, "अण्णा, वरात वर्षातून चार वेळा असते. रोज गाडी मी चालवते."

अण्णांनी पेपरची घडी घातली. ती पुढं म्हणाली, "त्या सीटवर मी बसते, अण्णा."

मग अण्णांनी माझ्याकडं बोट केलं. "लोकं इचारतील, एवढी चांगली सीट फाडली कुनी? म्या काय सांगू?"

"सांगा, ज्यानं शिवली त्यानंच."

"तोंडी नाय. लिहून द्या."

मी जुडीतला कुशीचा फर्मा काढला आणि त्याच्या पाठीवर लिहिलं : या सीटची चिठ्ठी मी आत दाबली होती. दिसायला बरं दिसावं म्हणून. चूक माझी. खाली सही केली. अण्णांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि गाडीच्या कप्प्यात आरसी आणि विम्याच्या कागदांबरोबर ठेवला. मग किल्ली माझ्या हातात दिली.

वायर सोडवून थांबलो. त्या वेळात मी शेवटचं ते काम डोळे भरून बघितलं. मग ब्लेड लावलं. शंकरपाळ्याची नक्षी मधोमध फाटत गेली तेव्हा मला रडू आलं आणि मी ते पुसलं नाही, कारण दोन्ही हात कामात होते. चिठ्ठी बाहेर आली ती इतकी वर्षं दुमडून राहिल्यामुळं सरळ होईना. मी ती अंगठ्यानं दाबून दाबून सपाट केली. मनीषा सीटवर बसली, दार लावलं, बेल्ट लावला. अण्णा बाहेरून वाकून म्हणाले, "तेवढं वाईट नाय दिसत."

"अण्णा, ते पुढचं लोखंडी गार्ड..." मी सुरू केलं.

"आज एकच," अण्णा म्हणाले. गार्ड अजून आहे, आणि त्यानंही पुढचे फुगे नीट उघडत नाहीत म्हणतात. मी दर महिन्याला फोन करतो. एक दिवस ते कंटाळून काढतील.

बसमधून सरांना फोन केला. "सर, ती पण उघडली." ते म्हणाले, "रविवारी दुकानात येतो."

रविवारी ते आले. खिशाला लाल पेन होतं. काचेतला फोटो मी काढला होता, भिंतीवर त्याच्या जागी फिकट चौकोन राहिला होता. सरांनी एकेक जुडी खिळ्यावरून उतरवली, माझं "उघडली" वाचलं, तारीख विचारली आणि खाली सही केली. शाळेतल्या पोरासारखा मी शेजारी उभा. तेरा सह्या झाल्या.

चौदावी जुडी त्यांच्या स्वतःच्या नावाची होती. वर खैरे सर, कन्नड, आणि फोन, एवढंच. त्यांनी ती हातात घेतली. कुशीचा फर्मा वेगळा काढून उजेडात धरला, माझ्या खडूची रेघ बोटानं वरपासून खालपर्यंत चाचपली. मग पेनाला टोपण लावलं आणि जुडी तशीच परत खिळ्याला अडकवली.

ती अजून तिथंच आहे. मशीन सुरू करण्याआधी मी ती रोज बघतो.